कुलूपबंद घरं

(लेखमाला ‘बेघर’ : लेखांक 4)

मागच्या तीन लेखांकांत आपण शहरातल्या फुटपाथवर आणि पुलाखाली फिरलो. आज बीड जिल्ह्यातल्या धारूरला येऊ. तेलगावकडून घाट चढून आलं की किल्ला दिसायला लागतो आणि भोवती बालाघाटाची मुरमाड, हलकी जमीन. तिला सीताफळ मानवतं, बाकी पिकांचा भरवसा पावसावर. इथं रस्त्याच्या कडेला निजलेली कुटुंबं सहसा दिसत नाहीत. मग बेघरपणाच्या लेखमालेत धारूर कशाला?

खरीप निघालं की शिवारात हाताला काम उरत नाही. दिवाळीच्या आगेमागे गाड्या भरतात. भांडीकुंडी, पीठ, अंथरुणं, शेळी, लेकरं, सगळं एकाच गाडीत. तालुक्यातच तेलगावला साखर कारखाना आहे, तरी ऊसतोडीच्या टोळ्या सांगली-कोल्हापूरला, थेट कर्नाटकात जातात. मागं राहतात म्हातारीकोतारी आणि दाराला कुलूप.

तिकडं घर म्हणजे कोपी. बांबूच्या कामट्या, वर पाचट किंवा ताडपत्री, आत शिरायचं तर वाकूनच. दाराला कडी नाही, कारण दारच नाही. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते आणि उजाडायच्या आत फडात पोचते. गाडी रात्री आली तर भरायलाही रात्रीच उठायचं.

जनगणनेत बेघरांची मोजणी होते ती 28 फेब्रुवारीच्या रात्री. 2011 साली त्या रात्री देशात सुमारे 17.7 लाख माणसं बेघर भरली, त्यांतली 2.1 लाख महाराष्ट्रात. आता तारीख बघा. त्या रात्री ऊसतोडीचा हंगाम चालू असतो. धारूर तालुक्यातला मजूर परमुलखात पाचटाखाली निजलेला असतो, पण गावात त्याच्या नावावर घर आहे, म्हणून आपण त्याला बेघर म्हणत नाही.

नुसत्या बेकारीनं माणूस असा उठून जात नाही. त्याला एकरकमी पैसा लागतो. पोरीचं लग्न, दवाखाना, बोअर, जुनं देणं. रोजगार हमीचा कायदा याच महाराष्ट्रात 1972 च्या दुष्काळानंतर घडला, पण रोजगार हमी योजना, म्हणजे रोहयो, आधी घाम मागते, पैसा मागाहून, तोही कधी लांबतो. टोळी जमवणारा मुकादम आधी पैसा देतो. या पैशाला ‘उचल’ म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यामागं उचल. रोहयो उचलीशी स्पर्धा करूच शकत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली आणि दर टनाला सुमारे 366 रुपयांवर गेला. एका कोयत्यानं दिवसाला दोन टन तोडले असं धरू. एक लाखाची उचल फेडायला 273 टन लागतात, म्हणजे एकही खाडा न करता 137 दिवस. वर दर आठवड्याची खर्ची वेगळी. पाऊस कमी झाला, ऊस कमी निघाला की कारखान्याचा पट्टा त्याआधीच पडतो, म्हणजे हंगाम संपतो. बाकी अंगावर राहते आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा त्याच मुकादमाची गाडी.

या पैशातून पुष्कळदा घरच बांधलं जातं. घरकुलासाठी सपाट भागात सरकारचं मूळ अनुदान 1,20,000 रुपये, किमान 25 चौरस मीटरच्या घराला. हप्ते टप्प्याटप्प्यानं, जोतं झालं, भिंती झाल्या, असे फोटो चढवल्यावर. पण फोटोसाठी भिंत हवी आणि भिंतीसाठी सिमेंट. तेवढ्यात घरवाले फडात. अर्धवट राहिलेलं काम पुरं करायला उचल घ्यायची, म्हणजे घर बांधायला घर सोडायचं. जुनं माळवदाचं घर असेल तर दुरुस्तीही वेळेवर हवी. मिरगाआधी वर पांढरी माती पडली नाही तर पहिल्याच दमदार पावसात ते गळायला लागतं.

शहरातल्या बेघरांसाठी सर्वोच्च न्यायालयानं लाख लोकवस्तीमागं एक निवारा असा मापदंड घातला. धारूरची नगरपरिषद त्या लाखाच्या आसपासही नाही. मजुरांच्या लेकरांसाठी मात्र 2021 मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावानं शासकीय वसतिगृहांची योजना आली. 41 तालुके, 82 वसतिगृहं असा आराखडा. पोरं गावाकडं राहिली तर शाळा सुटत नाही, हे खरंच मोलाचं. आईबाप मात्र कोपीतच.

खरी अडचण होते ती एकटीची. नवरा गेला की बाई ‘अर्धा कोयता’ ठरते. मुकादम तिला पुरी उचल देत नाही, कुणी भाऊ-दीर जोडीला आला तरच टोळीत जागा. घर सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर असलं, तर घरकुलाच्या अर्जाला स्वतःची जागा दाखवता येत नाही. जागा घ्यायला दीनदयाळ उपाध्याय योजनेतून पूर्वी 50,000 मिळत, 2024 पासून एक लाख. पण त्यासाठी विकणारा हवा, खरेदीखत हवं आणि तालुक्याला खेटे घालायला रिकामे दिवस हवेत. रोजंदारीवरच्या बाईला तेच परवडत नाहीत. अशा बायका लेकरं घेऊन पुण्याच्या मजूर अड्ड्यावर उतरतात तेव्हा काय होतं, ते पुढच्या आठवड्यात.