सापाचे पिल्लू आणि माणसाची माया

आषाढसरींनी पूर्णेच्या खोऱ्यातील काळी जमीन भिजली आणि घाटावरच्या सोयाबीनने मूळ धरले, की बुलढाणा जिल्ह्यात, मग ते घाटाखालचे मलकापूर-नांदुरा असो वा घाटावरचे मेहकर-लोणार, न्हाणीच्या मोरीत, कुडाच्या भेगेत किंवा सरपणाच्या ढिगाखाली वीतभर लांबीची सापाची पिल्ले दृष्टीस पडू लागतात. आणि ती दिसताच कोणाचा हात काठीकडे वळतो, तर कोणाचा, विशेषतः शाळकरी मुलांचा, रिकाम्या बरणीकडे. पहिल्या कृतीमागे भय असते, दुसरीमागे कौतुक. परंतु दोहोंच्या मुळाशी असलेले अज्ञान एकच असल्यामुळे त्याचा निरास करणे अगत्याचे आहे.

गैरसमज : पिल्लाला विष नसते, किंवा असलेच तर ते मोठ्या सापाहून जहाल असते.

वस्तुस्थिती : ही दोन्ही मते सारखीच निराधार आहेत. नागाचे पिल्लू तोंडावरील इवल्याशा अंडदंताने अंड्याचे चिवट कवच चिरते, पुष्कळदा केवळ डोके बाहेर काढून काही तास तसेच स्वस्थ राहते, आणि पुरते बाहेर पडताच फणा उभारू शकते. त्याचे दात व विषग्रंथी जन्मतःच कार्यक्षम असतात. घोणस अंडी न घालता थेट पिल्ले प्रसवते आणि तीही सविषच असतात. तथापि प्रौढ सापाच्या मानाने पिल्लाजवळील विषाचा साठा पुष्कळच अल्प असतो, आणि पिल्लाला विषावर ताबा ठेवता येत नाही या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. दंश पिल्लाचा असो वा मोठ्या सापाचा, उपचारास विलंब करण्याची मुभा कोणालाच नाही.

गैरसमज : लहान दिसला तो साप पिल्लूच, आणि पिल्लू कोणते हे रंगावरून सहज ओळखता येते.

वस्तुस्थिती : कुंडीच्या ओल्या मातीत गांडुळासारखा वळवळणारा काळसर वाळा हा बहुधा पिल्लू नसून पूर्ण वाढलेला, सर्वस्वी निरुपद्रवी साप असतो. याउलट आडव्या पट्ट्यांचा बिनविषारी कवड्या आणि अतिविषारी मण्यार यांच्यात जाणत्यांचीही गफलत होते. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावरील षट्कोनी, मोठे खवले ही तिची खरी खूण, पण ती न्याहाळण्यासाठी जितके जवळ जावे लागते, तितके जवळ जाणे हाच खरा धोका होय.

गैरसमज : आईवाचून पोरके झालेले पिल्लू उपाशी मरेल, म्हणून त्याला दूध पाजावे.

वस्तुस्थिती : बहुतेक सापांत जन्मानंतर मातृसंगोपन नसते, अंड्यांना वेटोळे घालून ती उबविणारी अजगराची मादीसुद्धा पिल्ले बाहेर पडल्यावर त्यांची जबाबदारी घेत नाही. नवजात पिल्लाच्या पोटात बलकाचा अंश शिल्लक असतो, त्यामुळे पहिली कात टाकेपर्यंत पुष्कळ पिल्ले काहीच खात नाहीत. पुढे जातीप्रमाणे पाली, बेडक्या, उंदरांची पिल्ले त्यांना पुरतात. दूध हे सापाचे अन्न नव्हे. तहानेने व्याकूळ झालेला साप कोणताही द्रव पितो, पण दूध त्याला पचत नाही.

गैरसमज : रोज हातात घेतले, की सापाच्या पिल्लाला लळा लागतो.

वस्तुस्थिती : साप स्पर्शाला सरावू शकतो, परंतु कुत्र्या-मांजराप्रमाणे त्याला माणसाची माया लागते असे मानण्यास आधार नाही, नवजात सापाच्या लेखी वरून येणारा हात म्हणजे ससाणा. म्हणूनच ज्यांनी बॉल पायथॉनसारखा परदेशी जातीचा साप रीतसर घेतला आहे, त्यांनी पहिला आठवडाभर त्याला हात लावू नये, पिंजऱ्याच्या उबदार व थंड अशा दोन्ही भागांत अंग चोरून बसता येईल अशी आडोशाची तजवीज करावी, स्वच्छ पाणी ठेवावे, आणि भक्ष्य गिळल्यानंतर निदान दोन दिवस त्याला उचलू नये, अन्यथा ते ओकून टाकण्याचा संभव असतो. डोळ्यांवर निळसर दुधी झाक आली, की कात टाकण्याची वेळ जवळ आली असे समजावे. त्या दिवसांत त्याला धूसर दिसते, आणि हळुवार स्पर्शालाही तो फणकाऱ्याने उत्तर देतो.

गैरसमज : आपल्या अंगणात निघालेला साप आपण पाळला तर कोणाची हरकत?

वस्तुस्थिती : हरकत कायद्याची आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये वन्य प्राण्याला पकडणे हेही शिकारीच्याच व्याख्येत मोडते, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांची नासधूस करणे किंवा त्या अंड्यांना धक्का लावणेसुद्धा. नाग, धामण वा अजगर बरणीत कोंडून ठेवणे हा अपराधच होय. बॉल पायथॉनसारख्या, आंतरराष्ट्रीय करारान्वये व्यापार नियंत्रित असलेल्या परदेशी जातींचीही 2024 च्या नियमांनुसार ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. आणि असा प्राणी नकोसा झाला म्हणून ज्ञानगंगा अभयारण्याच्या रानात सोडून देणे हा त्याच्यावर व त्या रानावर दुहेरी अन्याय ठरतो.

तेव्हा घरात पिल्लू निघाल्यास मुलांना दूर करावे, दुरूनच त्यावर नजर ठेवावी, आणि वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर वा प्रशिक्षित सर्पमित्रास कळवावे. दंश झालाच, तर चिरणे, आवळून बांधणे आणि मांत्रिक हे तिन्ही टाळून, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून, 108 ची रुग्णवाहिका बोलावून रुग्णास प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात पोहोचवावे. जन्मतःच स्वावलंबी असलेल्या या जीवाला आपल्या मायेपेक्षा अंतराची गरज अधिक आहे, आणि ते अंतर राखण्यात त्याच्याइतकेच आपल्या लेकरांचेही हित सामावलेले आहे.