चकचकीत प्लास्टिकचा आभास (लेखांक ९) : तकाकी आणि लाट

क्लिअर कोटमध्ये हार्डनर किती आणि केव्हा मिसळावा, हा या आठवड्यासाठी कबूल केलेला विषय पुढे ढकलणे भाग आहे, कारण एका वाचकाने विचारलेला प्रश्न त्याच्याही आधी सुटायला हवा : ग्लॉसमापक ९० च्या वर आकडा दाखवत असतानाही रंगवलेले मॉडेल प्लास्टिकचे न वाटता रंगवलेलेच का वाटते?

एबीएस किंवा ॲक्रिलिकचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात शिरताना किती वळतो याचे माप, सुमारे १.५ असतो, त्यामुळे समोरून पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम ४ टक्के पृष्ठभागावरूनच परततो आणि उरलेला आत शिरून रंगद्रव्याचा रंग घेऊन बाहेर येतो. पॉलियुरेथेन लॅकरचा अपवर्तनांकही याच्याच आसपास असल्याने परतणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणात दोहोंमध्ये फारसा फरक नसतो. फरक असतो तो सपाटीत. प्लास्टिकचा भाग हिऱ्याच्या पेस्टने घोटलेल्या पोलादी साच्याचा पृष्ठभाग उचलतो. उलट फवारलेल्या रंगाचे थेंब एकमेकांत पुरते मिसळण्याआधीच थिनर उडून गेला, तर काही मिलिमीटर रुंदीच्या उथळ लाटा तशाच गोठतात, ज्यांना कारागीर ‘ऑरेंज पील’ म्हणतात. काळ्या घोटीव काचेला १०० मानणारा ग्लॉसमापक किती प्रकाश परतला एवढेच सांगतो आणि इतक्या मंद उतारांची दखल त्याच्या आकड्यात फारशी उमटत नाही. डोळा मात्र ट्यूबलाइटच्या प्रतिबिंबाची कड पाहतो आणि ती नागमोडी दिसली की रंग ओळखतो.

म्हणजे लॅकरला प्लास्टिक होताच येत नाही असे नव्हे. डॅनिश रचनाकार व्हर्नर पँटन यांची एकसंध वळणाची खुर्ची प्लास्टिकयुगाचे प्रतीक मानली जाते. पण तिची चकचकीत ‘क्लासिक’ आवृत्ती पॉलियुरेथेनच्या कडक फोमची असून तिची झळाळी वरून चढवलेल्या लॅकरची आहे. साच्यातून थेट निघणारी पॉलिप्रॉपिलिनची आवृत्ती १९९९ मध्ये आली आणि ती दिसायला मंद आहे. ज्या झळाळीची नक्कल करण्यासाठी मॉडेलकार धडपडतात ती मुळात रंगाचीच निघावी, ही या विषयातील सर्वांत आनंददायक गोष्ट होय.

उपाय कष्टाचा, पण खात्रीचा आहे. शेवटचा थर पूर्ण कडक होऊ द्यावा, रबरी ठोकळ्यावर १५०० व मग २००० नंबरचा वॉटर पेपर लावून पाण्यासह लाटांचे माथे उतरवावेत आणि पृष्ठभाग सर्वत्र सारखा मंद झाल्यावरच रबिंग कंपाऊंडने तकाकी परत आणावी. कागद नुसत्या बोटांनी दाबणे टाळावे, कारण बोट लाटेच्या खळग्यातही उतरते आणि लाट तशीच राहते.

मात्र सपाटी साधली तरी साच्याची खूण नसेल तर डोळ्याला काही तरी उणे वाटत राहते. दोन अर्धे जुळतात तिथली बारीक रेघ मॉडेलवर कोरलेली असावी. प्रायमरच्या थरांनी ती बुजत जाते, म्हणून रंगापूर्वी ती पुन्हा एकदा साफ करावी लागते.