हवा गाळण, सार्वजनिक इमारतींतील

कार्यालये, रुग्णालये, शाळा, चित्रपटगृहे, दुकाने, उपाहारगृहे इ. बंदिस्त जागांतील हवेतून धूलिकण, धूर, परागकण, सूक्ष्मजंतू आणि काही वायू वेगळे करण्याच्या क्रियेला हवा गाळण असे म्हणतात. प्रौढ मनुष्य दिवसाकाठी सु. १० ते १२ घ. मी. हवा श्वासावाटे आत घेतो. औद्योगिक दृष्ट्या पुढारलेल्या देशांत त्याचा बहुतेक काळ छताखाली जातो. अमेरिकेत केलेल्या एका विस्तृत पाहणीत हे प्रमाण सु. ८७ टक्के आढळले. त्यामुळे इमारतीतील हवेची गुणवत्ता हा आरोग्याचा एक मूलभूत प्रश्न ठरतो. ही गुणवत्ता राखण्याचे तीन मार्ग आहेत : प्रदूषकाचा उगमच बंद करणे, बाहेरची हवा आत घेऊन प्रदूषक विरल करणे (वायुवीजन) आणि आतील हवा गाळून पुन्हा वापरणे. हे मार्ग परस्परांना पूरक आहेत. यांपैकी कोणताही एक दुसऱ्याची जागा पूर्णपणे घेऊ शकत नाही. [⟶ वातानुकूलन वायुवीजन].

इतिहास : ब्रिटिश संसदेचे जुने सभागृह १८३४ मध्ये जळाल्यावर उभारलेल्या तात्पुरत्या सभागृहात डेव्हिड बॉझवेल रीड यांनी १८३६ मध्ये वायुवीजनाची योजना केली. लंडनच्या हवेतील काजळी अडविण्यासाठी तीत हवा कापडी पडद्यातून आत घेण्यात येई. म्यूनिक येथील आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फोन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्ये माणसांच्या वावराने दूषित झालेल्या हवेचे मोजमाप कार्बन डाय-ऑक्साइडावरून करण्याची पद्धत मांडली आणि या वायूचे प्रमाण ०·१ टक्क्याहून (दशलक्ष भागांत १,००० भागांहून) अधिक असू नये, असे सुचविले. हा वायू या प्रमाणात स्वतः अपायकारक असतो असे त्यांचे म्हणणे नव्हते. खोलीत कितपत ताजी हवा येते, याचा तो निदर्शक होय. हा आकडा आजही मार्गदर्शक म्हणून वापरला जातो. त्याच सुमारास लुई पाश्चर यांनी कापसापासून बनविलेल्या विरघळू शकणाऱ्या बोळ्यातून हवा खेचली व तो विरघळवून मागे राहिलेल्या कणांत सूक्ष्मजीव असल्याचे सूक्ष्मदर्शकाने दाखविले. १८७० च्या सुमारास जॉन टिंडल यांनी कापसातून गाळलेली हवा तरंगत्या कणांपासून मुक्त होते, हे प्रकाशशलाकेच्या साहाय्याने सिद्ध केले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अणुबाँबच्या निर्मितिकार्यात किरणोत्सर्गी धूळ अडविण्यासाठी अतिकार्यक्षम गाळणीचा विकास झाला. हीच पुढे ‘हेपा’ या नावाने प्रसिद्ध झाली. आरंभी तिच्या कागदात ॲस्बेस्टसाचे तंतू वापरीत. नंतर काचतंतूंचा वापर सुरू झाला.

वायुवीजनाच्या प्रमाणात मात्र मोठे चढउतार झाले. १८९५ च्या सुमारास अमेरिकेत दर माणशी मिनिटास ३० घ. फुट (सेकंदास सु. १४ लि.) ताजी हवा असावी, अशी शिफारस होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचविण्यासाठी इमारती अधिकाधिक हवाबंद करण्यात आल्या आणि ‘ॲशरे’ या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेने १९८१ मध्ये धूम्रपान नसलेल्या कार्यालयांसाठी हे किमान प्रमाण ५ घ. फुटांपर्यंत (सेकंदास २·५ लि.) खाली आणले. याच काळात नव्या कार्यालयांतील कर्मचाऱ्यांकडून डोकेदुखी, डोळे चुरचुरणे, घसा कोरडा पडणे व थकवा अशा तक्रारी वाढल्या. इमारतीबाहेर पडल्यावर त्या ओसरत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये या लक्षणसमूहाची ‘रुग्ण इमारत लक्षणसमूह’ या नावाने नोंद घेतली. १९८९ मध्ये वायुवीजनाचे सर्वसाधारण किमान प्रमाण पुन्हा १५ घ. फुटांपर्यंत (सेकंदास सु. ७·५ लि.) वाढविण्यात आले.

प्रदूषके : तरंगत्या कणांचे मोजमाप मायक्रॉनमध्ये (१ मायक्रॉन = मिलिमीटरचा हजारावा भाग) करतात. परागकण सामान्यतः १० ते १०० मायक्रॉन, कवकांची बीजुके २ ते १० मायक्रॉन, तर धुरातील कण बहुधा १ मायक्रॉनहून लहान असतात. १० मायक्रॉनहून मोठे बहुतेक कण नाकात व घशातच अडतात. २·५ मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोहोचू शकतात आणि त्यांचा हृदयविकार व श्वसनविकार यांच्याशी संबंध प्रस्थापित झाला आहे. अशा सूक्ष्म कणांचे वार्षिक सरासरी प्रमाण दर घ. मी. हवेत ५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचविले. भारतात २००९ मध्ये ठरविलेली मर्यादा ४० मायक्रोग्रॅम असून ती बाहेरील हवेसाठी आहे.

वायुरूप प्रदूषकांत प्लायवुड व चिकटद्रव्ये यांतून निघणारे फॉर्माल्डिहाइड, रंग व सफाईद्रव्ये यांतील बाष्पनशील कार्बनी संयुगे, छायाप्रतयंत्रांतून निघणारा ओझोन, तसेच स्वयंपाकघरातील व तळघरातल्या वाहनतळावरील कार्बन मोनॉक्साइड यांचा समावेश होतो.

जैव प्रदूषकांचे गांभीर्य दोन घटनांनी विशेषेकरून पुढे आले. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फिया येथील एका हॉटेलात भरलेल्या माजी सैनिकांच्या अधिवेशनानंतर दोनशेहून अधिक लोक फुप्फुसदाहाने आजारी पडले व ३४ जण मृत्यू पावले. पुढील वर्षी या रोगाचा जंतू सापडला व त्याला लीजनेला असे नाव देण्यात आले. तो सु. २५° ते ४५° से. तापमानाच्या साचलेल्या पाण्यात वाढतो व शीतन मनोऱ्यांच्या तुषारांतून पसरू शकतो. दुसरी घटना जानेवारी २०२० मधील होय. चीनमधील ग्वांगजो शहरातील एका वातानुकूलित उपाहारगृहात शेजारच्या तीन मेजांवर बसलेल्या तीन कुटुंबांतील दहा जणांना कोव्हिड-१९ ची लागण झाली. तेथे बाहेरची हवा आत येण्याची सोय नव्हती व वातानुकूलक तीच हवा त्या मेजांभोवती फिरवीत होता. श्वासावाटे बाहेर पडणारे अतिसूक्ष्म थेंब हवेत दीर्घकाळ तरंगू शकतात, हे विल्यम वेल्स यांनी १९३४ मध्येच मांडले होते. पुढे वेल्स व रिचर्ड रायली यांनी बॉल्टिमोर येथे क्षयरुग्णांच्या कक्षातील हवा गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडून क्षयाचा प्रसार हवेतून होतो, हे दाखवून दिले.

विरलीकरणाचे गणित : बसून काम करणारा मनुष्य ताशी सु. १८ लि., म्हणजे सेकंदास ०·००५ लि. कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकतो. बाहेरील हवेत या वायूचे प्रमाण दशलक्ष भागांत सु. ४२० असते. दर माणशी सेकंदास ७·५ लि. ताजी हवा मिळाल्यास आतील प्रमाण काही वेळाने सु. १,०९० भागांवर स्थिरावते. २·५ लि. हवा मिळाल्यास ते सु. २,४२० भागांपर्यंत चढते. कार्बन डाय-ऑक्साइड मोजणाऱ्या साध्या उपकरणाने वर्गाची वा सभागृहाची परीक्षा करता येते, ती या संबंधामुळेच. मात्र हा आकडा कमी असला, तरी हवा धूळविरहित आहे असे सिद्ध होत नाही.

गाळणाची तत्त्वे : हवेची गाळणी ही पिठाच्या चाळणीसारखी असते, हा समज बरोबर नाही. तंतूंमधील मोकळी जागा अडविल्या जाणाऱ्या कणांच्या कितीतरी पट मोठी असते. कण पुढील कारणांनी तंतूंना चिकटतात : (१) निरूढी : तंतूला वळसा घालणाऱ्या हवेबरोबर जड कणाला वळता येत नाही व तो तंतूवर आदळतो. (२) स्पर्शरोध : हवेबरोबर जाणारा मध्यम आकाराचा कण तंतूला घासून अडकतो. (३) विसरण : ०·१ मायक्रॉनहून लहान कण हवेच्या रेणूंच्या धडकांनी वेडेवाकडे हलतात (ब्राउनीय गती) आणि त्यामुळे तंतूला येऊन टेकतात. (४) स्थिर विद्युत् आकर्षण : विद्युत् भारित तंतू कणांना ओढून घेतात.

निरूढी मोठ्या कणांवर व विसरण लहान कणांवर प्रभावी असल्याने या दोहोंच्या मधले, सु. ०·१ ते ०·३ मायक्रॉनचे कण अडविणे सर्वांत अवघड असते. म्हणूनच हेपा गाळणीची कसोटी ०·३ मायक्रॉनच्या कणांवर घेतात. असे ९९·९७ टक्के कण तिने अडविले पाहिजेत. त्याहून लहान कण ती अधिक चांगल्या प्रकारे अडविते. व्हायरस ०·१ मायक्रॉनचा असल्याने तो गाळणीतून निसटतो, ही समजूत यामुळे दुहेरी चुकीची ठरते. शिवाय व्हायरस हवेत सुटा नसून सामान्यतः त्याहून मोठ्या थेंबांतून वाहिला जातो.

प्रकार व प्रतवारी : खिडकीतील किंवा भिंतीवरील वातानुकूलकाची जाळी केवळ तंतू, केस व जाड धूळ अडविते. तिचा मूळ उद्देश यंत्राच्या नळ्यांचे रक्षण करणे हा असतो. मध्यवर्ती संयंत्रांत घड्या घातलेल्या किंवा पिशव्यांच्या आकाराच्या गाळण्या बसवितात. अमेरिकी पद्धतीत त्यांना १ ते १६ असे ‘मर्व्ह’ क्रमांक देतात. मर्व्ह ८ ची गाळणी ३ ते १० मायक्रॉनचे किमान ७० टक्के कण अडविते. मर्व्ह १३ ची गाळणी असे ९० टक्के, १ ते ३ मायक्रॉनचे ८५ टक्के आणि ०·३ ते १ मायक्रॉनचे किमान ५० टक्के कण अडविते. स्थिर विद्युत् अवक्षेपकात कणांना विद्युत् भार देऊन ते धातूच्या पट्ट्यांवर गोळा करतात. त्यात हवेला रोध कमी असतो, परंतु ओझोन निर्माण होण्याचा धोका असतो.

तंतूंच्या गाळणीने वायू अडत नाहीत. त्यांसाठी सक्रियित कार्बनाच्या पृष्ठशोषणाचा उपयोग करतात. कार्बनाची क्षमता संपल्यावर तो बदलावा लागतो. सु. २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण सूक्ष्मजीव निष्क्रिय करतात, पण धूळ कमी करीत नाहीत.

उपयोग व मर्यादा : शस्त्रक्रियागृहात ताशी सु. २० वेळा हवापालट व त्यांपैकी किमान ४ बाहेरच्या हवेचे ठेवतात. तेथील दाब शेजारच्या जागांपेक्षा अधिक असल्याने अस्वच्छ हवा आत शिरत नाही. हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या विलगीकरण कक्षात उलट दाब कमी ठेवून ताशी १२ हवापालट करतात. जेथे मध्यवर्ती संयंत्र नाही तेथे सुटे हवाशोधक वापरता येतात. १० मी. लांब, ६ मी. रुंद व ३ मी. उंच वर्गाचे घनफळ १८० घ. मी. असते. त्यात ताशी ५ हवापालटांइतके शुद्धीकरण हवे असल्यास ९०० घ. मी. हवा गाळावी लागेल. ताशी ३०० घ. मी. स्वच्छ हवा देणारी तीन यंत्रे त्यास पुरतील. तथापि त्यांनी कार्बन डाय-ऑक्साइड तिळमात्र कमी होणार नाही. त्यासाठी खिडकीच उघडावी लागेल.

गाळणी जितकी दाट तितका हवेला रोध अधिक व पंख्याचा वीजखर्चही अधिक. जुन्या संयंत्रात पंख्याची क्षमता न तपासता दाट गाळणी बसविल्यास हवेचा पुरवठाच घटतो. गाळणी चौकटीत घट्ट बसणेही तितकेच महत्त्वाचे असते. एकूण हवेपैकी १० टक्के हवा कडेच्या फटीतून निसटली, तर ९९·९७ टक्के कार्यक्षमतेची गाळणी प्रत्यक्षात सु. ९० टक्केच काम करते. धूळ साचत जाते तशी साध्या तंतूंची गाळणी अधिक बारीक कण अडवू लागते, पण रोधही वाढतो. भारित तंतूंच्या गाळणीची कार्यक्षमता मात्र भार झाकला गेल्याने घटते. यास्तव गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरक मोजून ती बदलण्याची वेळ ठरविणे श्रेयस्कर असते.

भारतातील परिस्थिती : मुंबईतील १९३३ मध्ये उघडलेले रीगल हे देशातील आरंभीच्या वातानुकूलित चित्रपटगृहांपैकी एक होय. कामगारांच्या संदर्भात १९४८ च्या कारखाना अधिनियमात वायुवीजन, धूळ व धूर काढून टाकणे आणि दर माणशी किमान १४·२ घ. मी. जागा यांविषयी तरतुदी करण्यात आल्या. या जागेच्या हिशेबात ४·२ मी. पेक्षा उंचावरील भाग धरला जात नसे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक स्थळी धूम्रपानास देशभर बंदी आली. उगमावरच केलेला हा उपाय कोणत्याही गाळणीपेक्षा परिणामकारक आहे. भारतीय मानक संस्थेच्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत वायुवीजन व वातानुकूलन यांवर स्वतंत्र विभाग आहे.

भारतात दोन अडचणी विशेष आहेत. उत्तरेकडील शहरांत हिवाळ्यात बाहेरची हवाच धुराने इतकी दूषित असते की, ती न गाळता आत घेणे हितावह नसते. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात दमट हवेतील पाणी काढून टाकण्यास बरीच ऊर्जा लागते, ओलसर गाळण्या व वाहिन्या यांवर बुरशी धरते. खर्च टाळण्यासाठी बाहेरच्या हवेची झडप बंद ठेवण्याची प्रवृत्ती त्यामुळे बळावते. लहान कार्यालये, दवाखाने व शिकवणीवर्ग यांत भिंतीवरील वातानुकूलकाखेरीज अन्य सोय बहुधा नसते व ताजी हवा फक्त दार उघडेल तेव्हाच मिळते. अशा जागी बाहेर हवा टाकणारा पंखा, हवा आत येण्यासाठी गाळणीसह झरोका, जाळ्यांची नियमित सफाई आणि गर्दीवर नियंत्रण हे अल्पखर्चाचे उपाय पुरेसे उपयुक्त ठरतात. गाळलेली हवा थंडगार हवेसारखी अंगाला जाणवत नाही. म्हणून तिची खातरजमा मोजमापानेच करावी लागते.