फुलबॅकची पारख (लेखांक सातवा)

गेल्या लेखांकात गोलरक्षकाचे प्रकरण आपण हातावेगळे केले. आता त्याच्या पुढ्यात, मैदानाच्या उजव्या वा डाव्या कडेस तैनात असणाऱ्या फुलबॅककडे वळू. मीरा रोड आणि भाईंदर येथील महाविद्यालयांचे संघ मैदानात उतरतात तेव्हा रेषेबाहेरच्या बघ्यांची नजर साहजिकच गोल करणाऱ्या मुलावर खिळलेली असते; आणि ज्याची पुढच्या फळीत वर्णी लागली नाही व मधल्या फळीत ज्याच्या पायी चेंडू टिकला नाही, अशा मुलाची रवानगी पुष्कळदा फुलबॅकच्या जागी होते. व्यावसायिक फुटबॉलचा हिशेब मात्र निराळा आहे, आणि त्याचे मूळ स्पर्धेच्या नियमांत सापडते.

इंडियन सुपर लीग 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा एका संघास एका वेळी सहा परदेशी खेळाडू खेळविण्याची मुभा होती. 2017 च्या हंगामापासून ती पाचांवर आणि 2021 पासून चारांवर आली. या मोजक्या जागा क्लब बहुधा गोल करणारा, खेळ रचणारा आणि बचावाच्या मध्यभागी उभा राहणारा अशा परदेशी खेळाडूंवर खर्च करतात, आणि कडेचा बचाव देशी मुलांच्या वाट्यास येतो. 2015 च्या लिलावात रिनो अँटो या केरळच्या राईट बॅकची मूळ किंमत 17.5 लाख रुपये असता कोलकात्याच्या संघाने त्याच्यासाठी 90 लाख मोजले, ते त्याच्या गुणांइतकेच या टंचाईपायी, असे माझे मत आहे.

जागा आहे, तेव्हा पारख हवी. आणि अडचण येथेच आहे. महाविद्यालयीन सामन्यात समोरचा विंगर कित्येकदा इतका सामान्य असतो की फुलबॅकच्या बचावाची कसोटीच लागत नाही, आणि मैदान अरुंद असल्यास त्याची धावण्याची शक्तीही झाकलेली राहते. यास्तव चेंडू त्याच्या पायाशी असताना तो काय करतो यापेक्षा चेंडू पलीकडच्या कडेस असताना तो कोठे उभा आहे, हे पाहणे अधिक फलदायी ठरते. जो मुलगा अशा वेळी आपल्या सेंटर बॅकच्या दिशेने आत सरकतो, अंग अर्धे वळवून चेंडू व आपला विंगर या दोहोंना एकाच दृष्टिक्षेपात ठेवतो, आणि चेंडू उंचावरून पलीकडे येऊ लागताच पहिले पाऊल योग्य दिशेस टाकतो, त्याच्या अंगी शिकवूनही सहसा न येणारी गोष्ट आहे. घसरत जाऊन चेंडू काढला की टाळ्या पडतात, हे खरे. परंतु पारखणाऱ्याने त्याआधीची दोन पावले पाहावीत, कारण बहुधा ती चुकलेली असतात म्हणूनच घसरावे लागते. ओव्हरलॅप करून पुढे गेल्यावर चेंडू हरवला तर तो किती त्वरेने परततो, हेही पहिल्या खेपेस न पाहता शेवटच्या पंधरा मिनिटांत पाहावे. क्रॉस पहिल्याच बचावपटूच्या अंगावर आदळतो काय, आणि दुबळ्या पायाने साधा पास तरी देववतो काय, एवढे तपासले की चेंडूवरील हुकमतीचा तपशील पुरा झाला.

1951 च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळविले, त्या संघाचा कर्णधार शैलेन मन्ना फुलबॅकच होता. परंतु त्या काळी या जागेवरील खेळाडूने पुढे धावत जाऊन क्रॉस द्यावा, अशी कोणाची अपेक्षा नव्हती. आज ती आहे, आणि म्हणूनच कित्येक चांगले फुलबॅक मुळात विंगर असतात. गोव्याचा मंदार राव देसाई डाव्या बगलेवरून आक्रमण करणारा. पुढे तो लेफ्ट बॅक झाला आणि 2020-21 मध्ये लीग शील्ड व चषक अशी दोन्ही विजेतेपदे पटकावणाऱ्या मुंबई सिटीच्या संघात त्याच जागी खेळला. तेव्हा वेगवान असूनही गोलसमोर गोंधळणाऱ्या विंगरला निकालात काढण्यापूर्वी प्रशिक्षकाने त्याला काही सामने मागे खेळवून पाहावे.

मुंबईच्या राहुल भेकेचे उदाहरण याहून बोलके आहे. मुंबई एफसी, ईस्ट बंगाल असा मुक्काम करीत तो बंगळुरूस पोहोचला. 17 मार्च 2019 रोजी अंधेरीच्या मैदानावर, गोव्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत कॉर्नरवर डोक्याने त्याने केलेल्या एकमेव गोलाने चषक बंगळुरूस मिळाला. भारतीय संघात त्याचे पदार्पण झाले ते त्याच वर्षीच्या जूनमध्ये, थायलंडमधील किंग्ज कप स्पर्धेत, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. आणि 2024 मध्ये मुंबई सिटीने चषक जिंकला तेव्हा कर्णधार तोच होता. राईट बॅक आणि सेंटर बॅक या दोन्ही जागा सांभाळण्याची त्याची तयारी प्रत्येक करारनाम्याच्या वेळी कामी आली असणार, यात मला शंका नाही. आणि विशीतल्या मुलावर नापसंतीचा शेरा मारण्यास पारख्याने का कचरावे, तेही यावरून उमगते.

महाविद्यालयांच्या क्रीडाविभागांस एक विनंती. 2022 पासून रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीगमध्ये क्लबांचे तरुण संघ खेळत असून तिकडे नेण्याजोगी मुले या उपनगरांतही असतील. त्यांची शिफारस करताना निवडक टॅकलांची जोडलेली चित्रफीत पाठवू नका. कॅमेरा उंचावर ठेवून, पलीकडची कडही दिसेल अशा बेताने टिपलेला एक संपूर्ण सामना पाठवा, आणि तोही हरलेला असल्यास उत्तम.