स्मरणिकेत न मावणारी आठवण

वसई धर्मप्रांताची स्थापना २२ मे १९९८ रोजी झाली आणि २०२३ साली त्याला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. आपले अनेक धर्मग्राम मात्र धर्मप्रांताहून कितीतरी वयोवृद्ध आहेत. काहींची परंपरा थेट सोळाव्या शतकापर्यंत पोहोचते. त्यामुळे आपल्याकडे कुठल्या ना कुठल्या चर्चचा, शाळेचा, पतपेढीचा किंवा मंडळाचा महोत्सव सतत चालू असतो. कृतज्ञतेची पवित्र मिस्सा होते, मान्यवरांना शाल व श्रीफळ दिले जाते, गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक होते, सांस्कृतिक कार्यक्रम होतो आणि शेवटी एक स्मरणिका प्रकाशित होते.

यात गैर काहीच नाही. आपल्या माणसांच्या कर्तृत्वाचा आनंद मानणे हा कृतज्ञतेचाच एक प्रकार आहे. परंतु गेल्या काही वर्षांत अशा स्मरणिका चाळताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. शुभेच्छासंदेश, समितीची छायाचित्रे, देणगीदारांची यादी आणि जाहिराती बाजूला काढल्या, तर ज्या लोकांचा हा महोत्सव, ते लोक कसे जगले याविषयी चार पानेही हाती उरत नाहीत. पन्नास वर्षांनंतर ती स्मरणिका उघडणाऱ्या नातवंडाला अध्यक्ष कोण होते ते कळेल. आपली पणजी कोणत्या बोलीत बोलत होती, ते कळणार नाही.

जुन्या करारातील यहोशवाच्या पुस्तकात एक बोलका प्रसंग आहे. इस्राएल लोक यार्देन नदी ओलांडतात, तेव्हा नदीच्या पात्रातून बारा दगड उचलून आणण्याची आज्ञा होते. पुढे मुले विचारतील की हे दगड कसले, तेव्हा वडिलांनी त्यांना हकिगत सांगायची. म्हणजे दगड रचून काम संपत नाही. मुलाने विचारावे लागते, सांगणारा हयात असावा लागतो आणि दोघांना एकमेकांची भाषा कळावी लागते. वसईत दगडांची वाण नाही. सांगणारे मात्र दरवर्षी कमी होत आहेत.

आपल्या भूमीतील थोरांकडे या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई इथली. लहान वयातच ते जेजुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली, काही काळ व्यापार केला आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश केला. १५९३ साली फिलिपिन्सहून जपानला गेलेल्या शिष्टमंडळाला त्यांची गरज भासली ती मुख्यतः दुभाषी म्हणून. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्यांना क्रुसावर मरण आले आणि १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद दिले. आपण त्यांच्या हौतात्म्याचा गौरव करतो आणि तो योग्यच आहे. पण दोन भाषांच्या घरात वाढलेला मुलगा तिसऱ्या देशाची भाषा शिकला आणि तिच्याच बळावर त्याच्या हातून सेवा घडली, हा धागा आपल्या प्रवचनांतून सहसा निसटतो.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याविषयीही तेच म्हणता येईल. नंदाखालच्या शेतकरी मुलखातून आलेला हा धर्मगुरू १९८३ ते २००७ या काळात ‘सुवार्ता’ मासिकाचा संपादक होता. हरित वसईच्या लढ्यात तो रस्त्यावर उतरला, त्याने बायबल सुबोध मराठीत आणले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिव येथे, भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २५ जुलै २०२४ रोजी ते निवर्तले. संमेलनाध्यक्षपद ही बातमी झाली. त्या बातमीच्या मागे वाडीतले बालपण होते, बोलीभाषा होती, संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना होती आणि चर्चच्या शाळेतील मराठी होती. झाडाला आलेले फळ आपण व्यासपीठावर ठेवतो; मुळांशी कोणती माती होती, हे लिहून ठेवण्याचे काम कोणाच्याच वाट्याला येत नाही.

ख्रिस्तसभेने मात्र एक नोंद शतकानुशतके नेमाने ठेवली आहे. ती म्हणजे धर्मग्रामाची नोंदवही. त्रेंत येथील धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहविषयक आदेश काढला. त्यात वधूवरांची व साक्षीदारांची नावे, दिवस आणि स्थळ वहीत लिहून ती वही धर्मगुरूने जपून ठेवावी असे सांगितले. स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे नोंदविण्याचा दंडकही त्याच आदेशात आहे. हेतू व्यावहारिक होता. गुप्त विवाहांना आळा बसावा आणि नात्यातले निषिद्ध विवाह टळावेत. पण त्यातून एक विलक्षण गोष्ट घडली. राजेरजवाड्यांच्या बखरींत ज्यांना कधीच जागा मिळाली नसती, अशा शेतकऱ्याचे, कोळ्याचे, पाथरवटाचे आणि त्यांच्या लेकीसुनांचे नाव कागदावर आले.

या वहीतील धर्मपित्याचा रकाना आपल्या वसईकरांना विशेष जवळचा वाटायला हवा. पोर्तुगीज भाषेत मुलाचा बाप आणि मुलाचा धर्मपिता हे एकमेकांना ‘कोम्पाद्रे’ म्हणतात. हे रक्ताचे नाते नव्हे, स्नानकुंडाजवळ जोडले गेलेले नाते. हाच शब्द आपल्या लोकांच्या तोंडी रुळत रुळत ‘कुपारी’ झाला आणि उत्तर वसईतील सामवेदी ख्रिस्ती समाज आज त्याच नावाने ओळखला जातो. एका समाजाने आपले नाव जात, गाव किंवा धंदा यांवरून न घेता एका संस्कारातील नात्यावरून घ्यावे, ही साधी गोष्ट नाही. गंमत अशी की कुपारी म्हणून अभिमानाने मिरवणाऱ्या तरुणांपैकी अनेकांना आपल्या धर्मपित्याचे नाव आठवावे लागते.

तथापि नोंदवहीलाही मर्यादा आहेत. ती जन्म सांगते, लग्न सांगते, मृत्यू सांगते. मधले आयुष्य ती सांगत नाही. लोपीस, डाबरे, परेरा, तुस्कानो, रुमाव ही आडनावे तिच्यात आहेत, पण एकाच गावात एकाच नावाचे पाच जण असताना लोक त्यांना कोणत्या टोपणनावांनी ओळखत आणि ती नावे कशी पडली, हे तिच्यात नाही. बाईचे नाव आहे. तिने गायिलेले गाणे नाही.

हे मधले आयुष्य कशाचे बनलेले होते? वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाडी ही त्याची मुख्य भूमी. केळी, पानवेल, फुलझाडे, भाजी आणि त्यांना पाणी पुरविणारे बावखल. बावखल म्हणजे गोड्या पाण्याचे खोदीव तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे आणि समुद्र जवळ असूनही आसपासच्या विहिरी गोड राहत. त्यावर रहाट चाले, जनावर फिरे आणि पाणी पाटांनी वाडीभर जाई. राजेळी केळी सोलून कित्येक दिवस उन्हात वाळवून सुकेळी करीत. ती उन्हे कोणत्या महिन्यात धरायची, केळी कधी उलटायची, ढग आले तर काय करायचे, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातून आलेले नव्हते. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली आणि पुढच्या पिढ्यांचा दिवस गाडीच्या वेळेने बांधला गेला. लाल टोपीतले दूधवाले आणि लाल लुगड्यातल्या भाजीवाल्या मुंबईच्या बाजारांत वसईची ओळख बनल्या. भल्या पहाटे टोपली डोक्यावर घेऊन निघालेल्या या स्त्रियांच्या कमाईवर किती मुले शिकली, किती जण धर्मगुरू झाले, किती मुली धर्मभगिनी झाल्या, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. सत्कार त्या मुलांचे झाले.

आज लुगडे महोत्सवाच्या व्यासपीठावर दिसते. तरुण मुली हौसेने ते नेसतात, छायाचित्रे काढतात. हे काहीच नसण्यापेक्षा बरे, असे माझे मत आहे. पण वस्त्र वेशभूषेत जमा झाले की त्याचा अर्थ पातळ होतो. ते कसे नेसावे हे जिला शेतात वाकून काम करताना, झपाझप चालताना उमगले, तिला एकदा बसवून विचारायला हवे. बोलीचे दुखणे याहून गंभीर आहे. सामवेदी, वाडवळी आणि कोळी बोली घरात बोलल्या जातात त्या आजीआजोबांशी. मुलांशी बोलताना आईवडील मराठी वा इंग्रजीकडे वळतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला दार उघडले, त्यामुळे आपल्या चर्चमध्ये मराठी आली, आणि प्रमाण मराठीतील उपासनेने आपल्याला मोठ्या मराठी जगाशी जोडले. हे फार मोलाचे आहे. मात्र लग्नातील गाणी, अंगाई, म्हणी, शिव्यासुद्धा, या बोलीतच राहिल्या. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपणही आनंद केला. बोली आटल्या तर त्या अभिजात भाषेचा एक झरा आपल्या अंगणात आटलेला असेल.

मग काय करता येईल? परमपीठाच्या सांस्कृतिक वारसाविषयक आयोगाने २ फेब्रुवारी १९९७ रोजी ख्रिस्तसभेच्या दप्तरखान्यांच्या मेषपालीय कार्याविषयी एक पत्र प्रसिद्ध केले होते. जुनी कागदपत्रे ही केवळ इतिहाससंशोधकांची सोय नसून श्रद्धावंत समाजाची स्मृती आहे आणि तिची निगा राखणे हे मेषपालीय कामच आहे, असा त्याचा आशय आहे. आपल्या भागात दमट हवा आणि वाळवी यांपुढे जुन्या वह्या किती काळ टिकणार, हा प्रश्न प्रत्येक धर्मग्राम मंडळाने विचारावा. जीर्ण वह्यांची पाने अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली छायांकित करून ठेवणे आज पूर्वीइतके खर्चिक राहिलेले नाही. महोत्सवाच्या मंडपावर होणाऱ्या खर्चाशी त्याची तुलना केली तर संकोच वाटावा.

माणसांच्या आठवणी टिपणे तर याहून सोपे. प्रत्येकाच्या खिशात आवाज मुद्रित करणारे यंत्र आहे. मात्र नुसते “जुन्या आठवणी सांगा” म्हटले की वृद्ध माणसे भाषण करू लागतात. पूर्वीचे दिवस फार चांगले होते, एवढ्यावर ते संपते. प्रश्न बारीक असावेत. पाणी कुठून भरत होता? पहिली गाडी किती वाजता पकडत होता? उपवासकाळात घरात काय शिजत असे? तुमच्या लग्नात मांडवाला कोणती झाडे लागली आणि गाणी कोण म्हणत होते? अशा प्रश्नांनी माणूस आपोआप आपल्या बोलीत शिरतो. मुलाखत प्रमाण मराठीत ओढून आणू नये. बोलीत असेल तशी ठेवावी आणि शेजारी मराठीत आशय लिहावा. घरातल्या जुन्या छायाचित्रांच्या मागे आजच पेन्सिलीने नावे लिहावीत. आजी गेल्यावर ते चेहरे कोणालाच ओळखू येत नाहीत, हा अनुभव घराघरांतला आहे.

आणखी एक गोष्ट, जी स्मरणिकांत कधीच येत नाही. आपल्या आठवणी सगळ्याच गोड नाहीत. सामवेदी, वाडवळ, कोळी, भंडारी असे भेद एकाच क्रुसाखाली बसणाऱ्यांनी दीर्घकाळ पाळले. रोटीबेटीचे व्यवहार अडले. डहाणू आणि तलासरीकडील आदिवासी ख्रिस्ती बांधव हेही आपल्याच धर्मप्रांताचे लेकरू, पण ‘आपली संस्कृती’ म्हणताना त्यांची आठवण आपल्याला उशिरा होते. बावखले कोणी परक्याने येऊन बुजविली असे नाही. वाड्यांचे सौदे आपणही केले. त्या काळी कर्जे होती, शिक्षणाचे खर्च होते, पाणी खारे होत चालले होते, ही कारणेही खरी आहेत. ती सांगणारी माणसे अजून आहेत. त्यांचा न्याय करण्यासाठी नव्हे, तर घडले कसे हे कळण्यासाठी त्यांचे म्हणणे नोंदले गेले पाहिजे. अलीकडे काही गावांत तरुणांनी बावखले साफ करण्यासाठी श्रमदान केले. तेथील जुन्या जाणत्यांना काठावर बसवून त्या बावखलाची हकिगत त्याच वेळी टिपली असती तर दोन्ही कामे साधली असती, अजूनही साधतील.

मुद्रित केलेल्या प्रत्येक मुलाखतीची एक प्रत धर्मग्रामाच्या कार्यालयात आणि दुसरी धर्मप्रांताच्या दप्तरखान्यात असावी. सांगणाऱ्याचे पूर्ण नाव, वय, गाव, तारीख आणि विचारणाऱ्याचे नाव तिच्यावर न चुकता लिहावे, आणि सांगणाऱ्याची परवानगी घ्यावी. काम सुरू करण्यासाठी महोत्सवाची वाट पाहण्याची गरज नाही. आजारी व वृद्धांना घरी जाऊन ख्रिस्तप्रसाद देणारे सेवक प्रत्येक धर्मग्रामात आहेत. कोणत्या घरी कोण खाटेवर आहे आणि कोणाला अजून जुनी गाणी आठवतात, हे त्यांना ठाऊक असते. युवा मंडळातील दोघांनी त्यांच्याबरोबर जावे. ध्वनिमुद्रण झाल्यावर ते त्या आजीला तिथेच एकदा ऐकवावे. एखादे कडवे चुकले असेल तर ती दुरुस्त करून देईल.