एसएलआर गेली, तिचं काडतूस परत आलं

आपल्या घरातली पोरं मोबाईलवर बीजीएमआय खेळतात, त्यांना एसएलआर चांगली ठाऊक आहे. लांबवर लागते, पण धक्का जोराचा, असं ती सांगतात. ते खरंच आहे. मात्र खानापूर, बेळगाव, निपाणी भागातल्या कितीतरी घरांत काका, मामा, आजोबांनी ही रायफल खरोखर खांद्यावर वागवली आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. त्यामुळे पोरगा मिलिटरीत लागला, ही बातमी आमच्या नंदगडला नवी नाही.

नंदगडात संगोळ्ळी रायण्णाची समाधी आहे. १८३१ मध्ये इंग्रजांनी त्याला इथंच फाशी दिली. त्या काळी बंदुका ठासणीच्या होत्या. एक बार काढला की पुन्हा दारू आणि गोळी ठासायची. पुढे थ्री-नॉट-थ्री आली. तिच्यात १० काडतुसं मावत, पण प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट मागे-पुढे करावा लागे. १९६२ च्या युद्धात आपले बहुतेक जवान हीच रायफल घेऊन लढले. समोर चिन्यांकडे मात्र आपोआप भरणाऱ्या रायफली होत्या.

त्यानंतर बंगालमधल्या ईशापूर कारखान्यात एसएलआर बनू लागली. मूळ रचना बेल्जियमच्या एफएएल रायफलीची. चाप ओढला की नळीतल्या वायूनं दट्ट्या मागे ढकलला जातो, रिकामी पुंगळी बाहेर पडते आणि नवं काडतूस आत सरकतं. मॅगझिन २० गोळ्यांचं, काडतूस ७.६२ गुणिले ५१ मिलिमीटरचं. हे काडतूस नाटो देशांनी १९५४ मध्ये प्रमाण ठरवलं होतं.

त्याची ताकद मोठी, तसं वजनही. एक काडतूस सुमारे २४ ग्रॅमचं, म्हणजे १०० गोळ्यांचे जवळजवळ अडीच किलो. रायफल रिकामी असतानाच चार किलोंच्या वर. म्हणून १९९० च्या दशकात ५.५६ मिलिमीटरची इन्सास आली. तिचं काडतूस साधारण १२ ग्रॅमचं. तेवढ्याच वजनात दुप्पट गोळ्या नेता येऊ लागल्या. १९९९ मध्ये कारगिलला ती जवानांच्या हातात होती. पण डोंगरात, लांबच्या माऱ्यावर, जुन्या काडतुसाचा दणका तिच्यात नव्हता.

मग २०१९ मध्ये सैन्यानं ७२,४०० सिग ७१६ रायफली मागवल्या. काडतूस पुन्हा तेच, ७.६२ गुणिले ५१. या रायफलीचा सांगाडाही १९५० च्या दशकातल्या अमेरिकन एआर-१० चा. नवं काय, तर नळी आखूड, दस्ता जवानाच्या मापानं पुढे-मागे सरकणारा आणि वर दुर्बीण किंवा रात्रीचं साधन बसवायला खाचांची पट्टी. बाकीच्या मोठ्या संख्येसाठी एके-२०३ चा वेगळा करार २०२१ मध्ये झाला. तिचं काडतूस ७.६२ चंच, पण आखूड आणि हलकं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे एखादी जुनी प्रणाली नव्या रूपात आणतात तेव्हा पडदे, बटणं, रंग सगळं बदलतं. आतला हिशेबाचा साचा मात्र सहसा कुणी हलवत नाही, कारण बाकी सगळं त्याच्यावर उभं असतं. रायफलीत तो साचा म्हणजे काडतूस. ते किती लांब जाणार, किती धक्का देणार आणि जवान किती गोळ्या वाहू शकणार, हे काडतूस ठरवलं त्या दिवशीच ठरतं. आधुनिकीकरण होतं ते त्याच्याभोवती.

आमचे एक मामा मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेत. नव्या रायफलीचा फोटो मी त्यांना दाखवला. दुर्बीण, पट्ट्या, सरकता दस्ता सगळं त्यांनी नीट बघितलं आणि विचारलं, "वजन किती?" आखूड नळीमुळं जे वाचतं, ते दुर्बीण लावली की बरंचसं परत येतं, असं मी सांगितलं.

"मग पोरांचा पिट्टू काही हलका झाला नाही बघ," मामा म्हणाले. "रायफल कशी आहे ते पहिल्या किलोमीटरला कळत नाही. विसाव्याला कळतं."