पत्ता, क्रमांक आणि सारणी

सी भाषेत लिहिलेली आज्ञावली संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक जागा तिच्या पत्त्यावरून ओळखते. हा पत्ता म्हणजे केवळ एक संख्या होय, आणि संख्येत बेरीज-वजाबाकी करण्यास कोणी कोणाला अडवीत नाही. शंभर अक्षरांसाठी राखलेल्या जागेत दीडशे अक्षरे लिहिली गेली, तर उरलेली पन्नास शेजारच्या जागेत सांडतात व तेथील मजकूर पुसला जातो. यंत्राला त्यात काही वावगे दिसत नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत पसरलेल्या ‘मॉरिस वर्म’ या उपद्रवी आज्ञावलीने परक्या संगणकांत शिरण्यासाठी योजलेल्या मार्गांपैकी एक हाच होता.

यावरील उपायाची कल्पना रेल्वेच्या सामानघरावरून येईल. चेन्नईच्या सेंट्रल स्थानकावर उतरलेला प्रवासी आपली पेटी सामानघरात ठेवतो, तेव्हा ती कोणत्या फळीवर आहे हे त्याला कळण्याचे कारण नसते. त्याच्या हाती पावती येते. पावतीचा क्रमांक कारकून नोंदवहीत पाहतो, आणि नोंद पटली तरच पेटी बाहेर येते. क्रमांकात खाडाखोड केली, तरी प्रवाशाचा हात फळ्यांपर्यंत पोहोचत नाही.

त्याच शहरातील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक वी. कामकोटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रिस्क-फाइव्ह’ या खुल्या आज्ञासंचावर ‘शक्ती’ हा प्रोसेसर घडविला. २०१७ साली मांडलेल्या ‘शक्ती-टी’ या त्याच्या रचनेत अशी नोंदवही, म्हणजेच सारणी, प्रत्यक्ष आढळते. राखलेल्या जागेचा आरंभ व शेवट तीत नोंदलेला असतो, आणि त्या जागेकडे बोट दाखविणारे सर्व निर्देशक त्या नोंदीचा क्रमांक बाळगतात. एका जागेचे निर्देशक दहा असले तरी नोंद एकच. म्हणून जागा मोकळी करताना ती नोंद रद्द केली की दहाही निर्देशक एकदम निकामी होतात. साधी संख्या निर्देशक म्हणून खपू नये, यासाठी स्मृतीतील प्रत्येक शब्दाला खुणेचा एक बिट जोडलेला असतो.

हाच विचार ‘वेबअसेंब्ली’त यंत्रभागाच्या मदतीवाचून उतरला आहे. ब्राउझरमध्ये वेगाने चालण्याजोगी ही यंत्रभाषा २०१७ पासून प्रमुख ब्राउझरांत उपलब्ध आहे. ५ डिसेंबर २०१९ रोजी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने तिला मानक म्हणून मान्यता दिली. तीत फंक्शनचा पत्ता आज्ञावलीला कधीच मिळत नाही, सारणीतील क्रमांक मिळतो. क्रमांक सारणीबाहेरचा असेल, किंवा त्या फंक्शनचा प्रकार जुळत नसेल, तर काम तेथेच थांबविले जाते. पुढे ‘संदर्भ-प्रकारां’ची भर पडली आणि फंक्शनांखेरीज ब्राउझरकडील इतर वस्तूंचे संदर्भही सारणीत ठेवता येऊ लागले.

परंतु येथे कंपायलरची, म्हणजे सी भाषेचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीची, खरी कसोटी लागते. सीच्या दृष्टीने कोणतेही मूल्य म्हणजे स्मृतीतील काही बाइट. संदर्भाला मात्र तसे बाइट नाहीत, आणि असूही नयेत. ते स्मृतीत उतरले की वाचता येतील, बदलता येतील, आणि खोटा संदर्भ तयार होईल. म्हणून ‘क्लँग’ या कंपायलरमध्ये संदर्भासाठी वेगळाच प्रकार योजावा लागला. त्याचा पत्ता घेता येत नाही व त्याला स्ट्रक्चरचा घटक करता येत नाही. सारणी तर शून्य लांबीच्या अ‍ॅरेच्या रूपाने जाहीर करावी लागते! सी जाणणाऱ्याला हे विचित्र वाटेल. पण जुन्या भाषेत नवी कल्पना बसविताना अशी ओढाताण व्हावयाचीच. अशा कंपायलरची तपासणी करणाऱ्याला मुख्यतः एकच गोष्ट पाहावी लागते: मूल्ये तात्पुरती बाजूला ठेवण्याच्या आपल्या जुन्या सवयीने तो एखादा संदर्भ गुपचूप स्मृतीत तर ठेवीत नाही ना?

सारणीचीही किंमत असते. तिला जागा लागते, आणि प्रत्येक वेळी तीत डोकावण्यास वेळ लागतो. चेन्नईच्या संशोधकांनी २०१९ साली ‘शक्ती-एमएस’ या रचनेत सारणीच काढून टाकली. निर्देशकाची मर्यादा त्याच्यासोबतच ठेवली, आणि तपासणीच्या नव्या आज्ञा घालण्याचे काम सुधारलेल्या कंपायलरवर सोपविले. त्यामुळे आज्ञावलीचा आकार ११ टक्क्यांनी वाढला, चालण्याचा वेळ सरासरी १३ टक्क्यांनी; प्रोसेसरच्या घड्याळाची गती मात्र पूर्वीइतकीच राहिली.